चाळीस भाच्यांचा मामा

गुलाबराव वापरलेला टीपकागद चहाच्या शेगडीत जाळत. टीपकागदावर पत्ते उलटे उमटतात आणि आरशात धरले की सुलटे वाचता येतात, ही त्यांची धास्ती. आपल्या दवाखान्यात आरसाच नाही, हे मी एकदा त्यांना सांगून पाहिलं.

"ज्याले वाचाचं हाय थो आरसा घेऊन येते, बापू," ते म्हणाले.

हिंगणीकडच्या त्या कुष्ठरोग दवाखान्यात आम्ही दोघंच कारकून. आणीबाणी उठली त्या वर्षी मी तिथं लागलो. नागपूरहून डॉक्टर यायचे असले की चाळीस रोग्यांना बोलावणं धाडायचं. कचेरीची रीत सोपी होती. दवाखान्याच्या नावानं एकच मजकूर सायक्लोस्टाइल करायचा, खाली चाळीसही नावं गावांसकट द्यायची आणि ज्याचं पत्र त्याच्या नावापुढं खूण करायची. गुलाबरावांना ही रीत म्हणजे पाप वाटे. ते चाळीस अंतर्देशीय पत्रं हातानं लिहीत: 'मामाची तब्येत बरी आहे. मंगळवारी भेटायले येजो.' मग सायकल काढून थोडी हिंगणीच्या पेटीत टाकत, थोडी सेलूत, उरलेली पार केळझरला.

"एका पेटीत चाळीस मामे निंगाले तं पोस्टमन शायना होते," ते म्हणत.

एकदा एका रोग्याचं अख्खं घर मामाला भेटायला बैलगाडी जुंपून आलं. गुलाबरावांनी सगळ्यांना चहा पाजला आणि "मामा आताच वर्धेले गेले" म्हणून वाटेला लावलं.

बाजारात रोग्यानं रामराम घातला तर हा माणूस तोंड फिरवी. "आपली वळख नाई." लोक त्यांना माजोरी म्हणत. लग्न नाही, लेकरू नाही, सणालाही कुणाच्या दारी जाणं नाही. मीही मागून नकला करायचो.

मग त्यांना टायफॉइड झाला आणि काम माझ्यावर आलं. चाळीस वेळा मामा व्हायचा मला कंटाळा. स्टेन्सिल कापली, खाली नावं दिली, खुणा केल्या, तासाभरात मोकळा. वर स्वतःच्या हुशारीवर खूश!

मंगळवारी अकराच जण आले. गिरडकडच्या एका म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याचं पत्र कुणीतरी पारावर मोठ्यानं वाचलं, खालच्या नावांसकट. त्यात त्याच गावची एक सून होती, शेवंता. औषधानं जवळजवळ बरी झालेली.

आठवड्यानं ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. पायात चप्पल नाही, काखेत बोचकं. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेऊन तिला हाकललं होतं, माहेरानं दार उघडलं नव्हतं. तिनं बोचक्यातून जुनी पत्रं काढली.

"हे मामा कोन व्हय? दुसरं कोनी नाई मले."

मी मान खाली घातली. गुलाबराव तापातून नुकतेच उठले होते. टेबलाला धरून उभे राहिले.

"मीच व्हय, पोरी. चाल घरी."

तिचं बोचकं खांद्यावर टाकून ते भर बाजारातून निघाले. दुकानदारानं विचारलं, "हे कोन, गुलाबराव?"

"भाची हाय माही."

आपली एकुलती खोली त्यांनी तिला दिली आणि स्वतःचं अंथरूण दवाखान्याच्या ओसरीवर आणलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

पुढच्या खेपेला त्यांनी कोरी पत्रं माझ्यापुढं सरकवली. मी मोजली, एकोणचाळीस भरली.

"एक कमी हाय," मी म्हणालो.

"एक तं घरीच हाय," ते म्हणाले, आणि टीपकागद शोधू लागले.