भोपळा आतून पाहिलास का?

"आजही गेला नाही!" मर्व्हने चहाचा मग टेबलावर असा आपटला की मुरंब्याच्या बरणीवरचं झाकण खाली पडलं. "ग्लेनिस, हे घर आहे का धर्मशाळा?"

ग्लेनिस खिडकीतून मागच्या अंगणात बघत होती. तिथे त्यांची नवीकोरी कॅराव्हॅन उभी होती. मर्व्हने गावचा पेट्रोल पंप विकला तेव्हा घेतलेलं हे चाकांवरचं घर गाडीमागे जोडायचं आणि सगळा देश ओलांडून दुसऱ्या टोकाच्या समुद्रकाठी ब्रूमला जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. ब्रूमला पौर्णिमेच्या रात्री ओहोटी लागली की ओल्या चिखलावर चंद्राच्या उजेडाची शिडी दिसते. ती शिडी बघायची ग्लेनिसची इच्छा लग्नाआधीपासूनची. एका वर्षी मर्व्हचा गुडघा आडवा आला, पुढच्या वर्षी गाडीचा रेडिएटर. यंदा सगळं ठणठणीत होतं, तर कॅराव्हॅनच्या दारातून दोन लांबलचक पाय बाहेर आले होते.

ते पाय येल्मरचे होते. येल्मर हॉलंडचा, वय बावीस, उंची दाराच्या चौकटीला न मानवणारी. वर्षभर ऑस्ट्रेलिया बघायला निघालेला हा पोरगा त्यांच्या मलगाबी गावात आला तो खरं म्हणजे पाच मिनिटांसाठी. उत्तरेकडे जाणारी बस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मलगाबीच्या महाभोपळ्यासमोर थांबते. प्रवासी उतरतात, फोटो काढतात, पाय मोकळे करतात आणि निघतात. येल्मरनेही तेच केलं असतं. पण भोपळ्याखाली त्या दिवशी मर्व्ह उभा होता.

हा भोपळा म्हणजे तीनमजली घराएवढा, फायबरचा, केशरी. गावाने तो वर्गणी काढून उभारला तेव्हा मर्व्ह तरुण होता. आतली लोखंडी शिडी त्याने स्वतःच्या हाताने जोडली होती आणि दर दोन वर्षांनी रंगही तोच द्यायचा.

"कसा वाटला?" मर्व्हने सहज विचारलं.

"मोठा आहे," येल्मर म्हणाला. "पाहून झाला."

मर्व्हच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या आयुष्यात त्याला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. त्याच्या देशात न आवडलेल्या गोष्टीलाही माणसं "छानच की" म्हणतात आणि आपल्या वाटेने जातात. हा मात्र जे मनात तेच ओठांवर, वर चेहरा निष्पाप.

"पाहून झाला? आतून पाहिलास का?"

"आतून काय आहे?"

"काय आहे म्हणजे! चल!"

ते शिडी चढून देठापर्यंत गेले. मर्व्हने एकेका बोल्टची हकीकत सांगितली. खाली उतरले तोवर बस धूळ उडवत निघून गेली होती. बसमध्ये येल्मरची जागा गेली, पण पाठीवरची पिशवी तेवढी वाचली.

"काळजी करू नको लेका," मर्व्ह उदारपणे म्हणाला. "आमच्याकडे राहा. हवं तितके दिवस!"

हे वाक्य त्या मुलखात जो तो बोलतो आणि कुणी ते मनावर घेत नाही. पण आता तिथे बसच नव्हती. येल्मरकडे ते मनावर न घेण्याचा पर्यायही नव्हता. घरातली मागची खोली मर्व्हच्या रंगाच्या डब्यांनी भरलेली, म्हणून त्याला झोपायला कॅराव्हॅन दिली. शुक्रवारी तो जाईल, शनिवारी आपण निघू, असा साधा हिशेब होता.

शुक्रवारी सकाळी येल्मर पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघरात आला. "खूप आभार. गाव पाहून झालं."

"सगळं?" मर्व्हने टोस्ट खाली ठेवला.

"हो. एकच रस्ता आहे."

झालं! नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसा मर्व्ह उठला. "आणि काटेरी तारांचं संग्रहालय? ते कोण बघणार, तुझा आजोबा?"

संग्रहालयाची किल्ली ते सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या स्टॅनकडे होती आणि स्टॅन मेंढरांची लोकर कापून घ्यायला बहिणीच्या शेतावर गेला होता. तो परतला त्याआधीच शुक्रवारची बस गेली. स्टॅनने दार उघडलं. भिंतीभर फळ्यांवर काटेरी तारांचे तुकडे लावलेले.

"सगळ्या सारख्याच दिसतात," येल्मर म्हणाला.

स्टॅन खाली बसला. त्याला पाणी द्यावं लागलं. मग तोही पेटला. एकेका तारेचा इतिहास, कुठल्या कुंपणाची, कोणत्या वळूने तोडली, हे सगळं त्या पोराच्या डोक्यात उतरेपर्यंत सोडायचं नाही असं दोन्ही म्हाताऱ्यांनी ठरवलं. मंगळवारची बस स्टॅनने अर्धी भिंत संपवली तेव्हा गेली.

पुढे तेच चालू राहिलं. तळ्यावर नेलं तर येल्मर म्हणाला, "यात पाणी नाही." त्यावर पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवायला मर्व्हने त्याला खांबाखांबापाशी उभं केलं. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन झालं. एका दरोडेखोराला ज्यावर जवळजवळ फाशी दिलं ते झाड झालं. "जवळजवळ म्हणजे दिलं नाही ना?" येल्मरने विचारलं आणि आणखी एक शुक्रवार बुडाला. शेवटी गावाबाहेरच्या कचरा डेपोवरून दिसणारा सूर्यास्तही झाला. हा शोध मर्व्हलाही नवा होता, पण अब्रूचा प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशीही जो राहतो त्या पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात. इथे यजमानाचीच गेली होती, आणि त्याला ते कळत नव्हतं.

"मटणाचे चॉप किती खातो बघितलंस?" चहाचा मग आपटून झाल्यावर मर्व्ह आता ग्लेनिसला सांगत होता. "तेही ठीक. पण काल भोपळ्याचं सूप पिताना म्हणाला, मीठ कमी आहे! बावीस वर्षांचं पोरगं! आणि जायचं नाव काढत नाही. आजकालच्या पोरांना लाज म्हणून नाही. आपली कॅराव्हॅन, आपली ब्रूमची सहल, सगळं याच्यापायी अडलंय!"

ग्लेनिस वळली. ती शांत बाई, आवाज कधी चढवत नसे. आजही चढवला नाही.

"मर्व्ह, तो रोज जायचं नाव काढतो. तूच त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतोस."

"मग काय करू? 'एकच रस्ता आहे' हे मनात घेऊन जाऊ देऊ त्याला? तिकडे हॉलंडमध्ये जाऊन सांगेल!"

"गावात एकच रस्ता आहे, मर्व्ह."

"ग्लेनिस!"

"लग्न झाल्यापासून या खिडकीतून मला भोपळा दिसतोय. मला तो आवडतो. पण आता मला दुसरं काहीतरी बघायचंय. पुढची पौर्णिमा हुकली, तर मी चंद्र कॅलेंडरवरच बघायचा का?" तिने खाली पडलेलं झाकण उचलून बरणीवर बसवलं. "मंगळवारी मी निघणार. तू ये, नाहीतर रंग देत बस."

घरचेच उलटले तर माणसाने जायचं कुठे? मर्व्ह तडक भोपळ्याखाली जाऊन बसला आणि तिथे बराच वेळ मनातल्या मनात भांडला. संध्याकाळी परतला तेव्हा ग्लेनिस भांडी घासत होती, येल्मर पुसत होता, आणि दोघं काहीतरी कुजबुजत होते. त्याला बघताच गप्प झाले. बरोबर आहे, माझ्याविरुद्ध कट, असं मनाशी म्हणत तो उपाशीपोटी झोपायला गेला. अर्ध्या तासाने उठून चार स्कोन-पाव खाल्ले.

सोमवारी संध्याकाळी येल्मर आपणहून म्हणाला, "मर्व्ह, मला एकदा भोपळा बघायचाय. शेवटचा."

मर्व्ह संशयाने त्याच्यामागून गेला. उन्हं उतरली होती आणि भोपळा तांबूस दिसत होता. येल्मर हात मागे बांधून पुष्कळ वेळ उभा राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "ऑस्ट्रेलियात मी जे जे पाहिलं त्यात हाच सगळ्यात सुंदर. याला सोडून जाताना वाईट वाटतंय."

मर्व्ह भोपळ्याकडे वळला आणि एका बोल्टवरची नसलेली धूळ पुसू लागला. नाक शिंकरायला त्याला खिशात रुमाल सापडेना. इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. पोरगं मुळात सोन्यासारखं होतं, फक्त उमजायला वेळ लागला, एवढंच!

तो घरी जवळजवळ धावतच आला. "ग्लेनिस! उद्या निघायचं! आणि ऐक, बसबिस काही नाही, मी याला सांगितलंय. येल्मर आपल्याबरोबर ब्रूमला येतोय!"

ग्लेनिसच्या हातातली बशी सिंकमध्ये पडली. तिने येल्मरकडे पाहिलं. येल्मरने खांदे वर केले. तिने सांगितलं तसंच त्याने केलं होतं, पुढचं त्याच्या हातात नव्हतं.

मंगळवारी तिघं निघाले. येल्मरचे पाय मागे मावेनात, म्हणून त्याला पुढे बसवलं. ग्लेनिस गाडी चालवत होती आणि मर्व्ह स्वतःच्याच गाडीत मागच्या सीटवर, पाव-बिस्किटांच्या खोक्याशेजारी बसला होता. तरी तो खुशीत होता. तासाभराने टलूरा आलं. टलूरा म्हणजे मलगाबीचा सात जन्मांचा वैरी, कारण त्यांच्याकडे महाकांदा आहे.

"थांब जरा," मर्व्ह म्हणाला. "पोराला फरक कळू दे."

कांद्याखाली लाल टोपी घातलेली एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. तिचं नाव नोरीन. तिने तिघांना कांद्याचं दार उघडून दाखवलं. मर्व्हने आत डोकावून नाक मुरडलं आणि बाहेर येऊन मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "ठीक आहे. पाहून झाला."

नोरीनची मान ताठ झाली. तिने सावकाश कमरेवर हात ठेवले. "पाहून झाला? आणि मागची बाजू? वरचा मजला? माझा नवरा गेला तो या कांद्याचा वरचा थर लावताना, अन् तुमचं पाहून झालं? आज राहा इथं! वरच्या मजल्याची किल्ली उद्या येते!"

मर्व्हला घाम फुटला. तो आवाज, ती मान, तो राग त्याने ओळखला, कारण तो त्याचाच होता. आता या बाईला नाही म्हणायचं कसं? "ग्लेनिस," तो चाचरत म्हणाला, "एक रात्र राहायला काय..."

ग्लेनिस केव्हाच गाडीत जाऊन डोळे मिटून स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली होती.

तेवढ्यात येल्मर पुढे झाला. हात मागे बांधून त्याने कांद्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. घसा साफ केला. "ऑस्ट्रेलियात मी जे जे पाहिलं त्यात हाच सगळ्यात सुंदर," तो म्हणाला. "याला सोडून जाताना वाईट वाटतंय."

नोरीनने टोपी काढली. "देव तुझं भलं करो, बाळा," ती म्हणाली. "जा, जपून जा. पुढं खूप लांब रस्ता आहे." तिने त्यांना वाटेत खायला कांद्याच्या भाकऱ्यांची पुडीही दिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"तेच वाक्य," मागून मर्व्ह म्हणाला. "शब्दन् शब्द तेच."

येल्मरचे कान लाल झाले. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस रस्त्याकडे अशी बघत होती की जणू त्या सरळसोट रस्त्यावर वळणंच वळणं होती.

"खरं सांग पोरा. भोपळा का कांदा?"

येल्मरने तोंड उघडलं. ग्लेनिसने ताबडतोब रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला. गव्हाच्या भावाच्या बातम्या संपल्या, क्रिकेटच्या संपल्या, हवामानाच्याही संपल्या. मागे कांदा मटाराएवढा झाला आणि मग दिसेनासा झाला.

"तिची शिडी लाकडाची होती," मर्व्ह हळूच म्हणाला. "आपली लोखंडी आहे."

"हो! लोखंडी! आणि एकदम मजबूत!" येल्मर इतक्या जोरात ओरडला की ग्लेनिस दचकली. एवढं तरी खरं होतं, आणि ते त्याला मनापासून सांगता आलं.

मर्व्हने पुडी उघडली आणि तिघांसाठी एकेक भाकरी काढली. मीठ कमी होतं. कुणी काही बोललं नाही.