अठ्ठ्याण्णव टक्के ओलं

सकाळी बागेत पानांना लावून आणलेले फवारणीच्या चाचणीतले पिवळे कागद नवऱ्याने बाळाच्या खोलीतल्या कपाटावर पसरले, तेव्हाच बायकोच्या कपाळाला आठी पडली.

"औषधाचे कागद माझ्या लेकराच्या उशाशी?"

"अगं, चाचणीत नुसतं पाणी फवारतो. थेंब पडेल तिथे कागद निळा होतो. मग फोटो काढला की किती भाग निळा, ते संगणक सांगतो. हात तेवढा लावू नकोस."

"आणि कमी निघाला तर?"

"नवा पंप नापास. पंपाबरोबर मीही. साहेबांनी माझी नोकरी त्याच खुंटीला टांगलीय."

बायकोने कागदांकडे बोटसुद्धा नेलं नाही. सर्दीने बाळाची छाती घुरघुरत होती, म्हणून तिने दारं-खिडक्या लावून वाफेचं यंत्र तेवढं सुरू केलं. दुपारभर.

संध्याकाळी नवऱ्याने कागद न बघताच गोळा केले आणि ऑफिस गाठलं. बघणं हे संगणकाचं काम, अशी त्याची श्रद्धा होती.

"अठ्ठ्याण्णव टक्के!" साहेब खुर्चीतून उठले. "पानाच्या पाठीलासुद्धा! शाब्बास रे पठ्ठ्या!" आणि तिथल्या तिथे अहवाल वर धाडला.

तेवढ्यात तुलनेसाठी ठेवलेल्या, बागेत न नेलेल्या कोऱ्या कागदाचा आकडा आला. तोही अठ्ठ्याण्णव.  नवऱ्याने घरी फोन लावला.

"कागदांना काय केलंस?"

"हात नाही लावला रे, बाळाशप्पथ! नुसती वाफ दिली."

"कागदांना?"

"बाळाला!"

त्याने साहेबांना सगळं खरं सांगितलं.

"आधी बोलायचंस," साहेब म्हणाले. "वर गेलेला अहवाल खाली येत नसतो."

"पण साहेब, सकाळी कागद जवळजवळ पिवळेच होते; बागेत तो पंप धड दहा टक्केही भिजवत नाही!"

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे बागवाल्यांना चालवता येत नाही. त्यांना शिकवायला माणूस हवा. कायमचा."

अशी त्याची नोकरी पक्की झाली. बायकोने हुश्श केलं.

पहिल्याच वर्गात एक म्हातारा बागवाला उठला. "मास्तर, तुम्ही सांगता तसंच मारतो. तरी पानं कोरडी ती कोरडीच. आमचं चुकतंय कुठं?"

सगळ्यांनी वह्या उघडल्या. मागच्या बाकावर साहेब बसले होते.

 "तुमच्या बागा," तो म्हणाला, "फार उघड्यावर आहेत."