अडलेला लॅपटॉप

सकाळपासून सुषमाच्या लॅपटॉपनं दोनदा मान टाकली होती आणि तिचे सासरे रखमाजी आबा यांचा जीव टांगणीला लागला होता. अकरा वाजता पुण्याच्या साहेबांना प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. नाही दाखवला तर घरून काम बंद, सोमवारपासून रोज केंदूर ते पुणे. आता सून पुण्याला गेली तर सासऱ्याचं काय बिघडतं? सगळंच बिघडतं! डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून साखरेचा डबा आबांच्या बायकोच्या, अनसाबाईंच्या ताब्यात होता. दुपारी त्या जरा लवंडल्या, की सुषमा आबांना गुपचूप दोन चमचे साखरेचा चहा द्यायची. त्या चहावरच आबांचा दिवस ढकलला जात होता.

"पर घोडं अडलंय कुठं?" आबांनी विचारलं.

"एक पॅकेज टाकतीय, आबा. पन ते समदं आयतं येत न्हाई. त्यातला थोडा भाग ह्याच मशीनवर, ह्याच्याच मापानं घडवावा लागतो."

"म्हंजी पायाचं माप घिऊन वहाणा शिवायच्या?"

"तसंच! त्याला येळ लागतो, आन् हे अर्ध्यातच बंद पडतंय." सुषमानं तिसऱ्यांदा काम लावलं आणि पर्स उचलली. लेकीच्या शाळेत पालकसभा होती, चुकवून चालणार नव्हतं. "दर पाच मिनटांनी ह्या बटनाला बोट लावा, न्हाईतर हे झोपतं. खाली हिरवी ओळ आली की झालं. बाकी कशालाच हात लावू नका."

आबांनी मान डोलावली. उभी हयात मेंढरं राखण्यात गेली होती. मेंढरं विकून नऊ वर्षं झाली तरी राखणीची सवय काही मोडली नव्हती. काठी मांडीवर घेऊन ते लॅपटॉपसमोर बसले.

अर्ध्या तासात लॅपटॉप घुरघुरायला लागला. आबांनी त्याच्या पोटाखाली हात घातला तर चटकाच बसला! अंग तापलंय, धाप लागलीय आणि पुढं काही सरकत नाही. व्यायला आलेल्या मेंढीचं हे लक्षण त्यांनी माळावर शंभरदा पाहिलं होतं.

"अडलीय!" म्हणत आबा ताडकन उठले.

त्यांनी गोणपाट भिजवून घट्ट पिळलं, जमिनीवर अंथरलं, त्यावर स्वयंपाकघरातली परात पालथी घातली आणि वर अलगद लॅपटॉप ठेवला. वारं लागावं म्हणून दारं-खिडक्या उघडल्या. उघडं दार बघून शेजारचे हौसराव आत आले. गावातल्या कुठल्याही बिघडलेल्या मोबाइलवर हौसरावांचा इलाज एकच.

"बंद करून चालू करा की!" म्हणत त्यांनी बोट पुढं केलं. बोटावर आबांची काठी बसली.

"आरं, अडल्या जितराबाला कुनी असं उठिवतं व्हय?"

"आबा, मशीन हाय ते!"

"मग? तापलंय न्हवं?"

हौसराव बोट चोखत बाहेर पडतात तोच अनसाबाई आल्या. "माझी परात कुठं गेली?"

"थांब जरा. आता हालवलं तर समदं मुसळ केरात जाईल."

"तवा तापलाय माझा!"

"हितंबी तापलंच हाय की!"

"मग पीठ काय डोक्यावर मळू?" अनसाबाईंनी परातीची कड धरली. आबांनी दुसरी कड धरली. चाळीस वर्षांचा संसार, दोघंही मागं हटेनात. नेमक्या त्याच वेळी सुषमा दारात आली आणि तो प्रकार बघून किंचाळलीच.

"आबा! हात लावू नका म्हनलं व्हतं ना!"

ती धावली, आणि पडद्याकडं बघून जागीच थबकली. खाली हिरवी ओळ उमटली होती.

"झालं! आत्तापत्तुर तापूनच बंद पडत व्हतं तर!" तिनं लॅपटॉप छातीशी धरला आणि खोलीत पळाली. परात अनसाबाईंनी जिंकली.

अकराची मीटिंग साडेअकराला आटोपली. प्रोग्राम लोण्यासारखा चालला, साहेब खूश झाले. सुषमा नाचतच स्वयंपाकघरात आली.

"सोमवारचं पुनं रद्द! आबा, आज तुमच्या च्यात रोजच्यापेक्षा एक चमचा साखर जास्त!"

भाकरी थापणारा हात थांबला.

"रोजच्यापेक्षा?" अनसाबाईंनी विचारलं.

सुषमानं जीभ चावली. आबांनी ओलं गोणपाट खांद्यावर टाकलं, काठी उचलली आणि वहाणा न घालताच दार गाठलं.

"मी जरा मेंढरांना पानी दावून येतो."