एका अंत्ययात्रेची साडेतीन मतं

लोकशाहीत नागरिक उमेदवाराची धोरणं तपासून, सारासार विचार करून मत देतो, हे सर्वमान्य सत्य आहे. पुरावा तेवढा सापडत नव्हता. तो शोधण्याचं काम मिशिगनमधल्या एका विद्यापीठाने (नाव सांगत नाही, माझी डिग्री अजून व्हायची आहे) माझा रूममेट यतीन याच्याकडे सोपवलं. प्रबंधाचा विषय: आयर्लंडचे शेतकरी खासदार श्री. डोनल गॅव्हिगन यांची कारकीर्द.

श्री. गॅव्हिगन यांच्या एकेचाळीस गाई आहेत आणि राजकारणात यायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. पण एकदा गावात शववाहिका चिखलात रुतली, आणि त्यांनी ती ट्रॅक्टरला दोर बांधून दफनभूमीपर्यंत ओढत नेली. दोनशे शोकाकुल मतदारांनी ते पाहिलं. पुढच्या वर्षी ते कौन्सिलवर गेले, चार वर्षांनी डब्लिनच्या संसदेत. तो रस्ता दुरुस्त करण्याचं आश्वासन त्यांनी सलग सहा निवडणुकांत दिलं. (रस्ता झालेला नाही. झाला असता तर ट्रॅक्टरचं काय करायचं?) संसदेत ते एकूण चारदा बोलले, पैकी दोनदा, खिडकी लावून घ्या म्हणून.

त्यांचा प्रतिस्पर्धी अर्थशास्त्रज्ञ होता. दर निवडणुकीला तो चाळीस पानी जाहीरनामा काढायचा आणि दर निवडणुकीला पडायचा. असं का, हे मेपर्यंत सिद्ध झालं नाही तर स्कॉलरशिप बंद, व्हिसा बंद आणि यतीन परत कराडला, असं गाईडबाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं.

यतीनने चार वर्षं मोजदाद केली होती. एका अंत्ययात्रेला हजेरी लावली की साडेतीन मतं. भर पावसात लावली तर पाच. दफनानंतर सगळ्यांना देतात ते सँडविच न खाता निघालं तर सहा (साहेबांना कामं फार, तरी आले). मृत व्यक्ती विरोधी पक्षाची असेल तर घरचे इतके भारावतात की थेट अकरा. स्वतः मृताचा कल मात्र नोंदवता आला नाही.

आईला त्याने हे फोनवर ऐकवलं.

"अरे, मयताला येतो म्हणून निवडून येतो," आई म्हणाली. "आपल्याकडचे येत नाहीत का? एवढं कळायला चार वर्षं?"

"आई, तुझ्याकडे डेटा नाहीये गं. कमिटीने रिजेक्ट केलं तर संपलं सगळं."

मलाही त्याची मनापासून काळजी वाटत होती. भांडी वेळेवर घासणारा रूममेट अमेरिकेत दुसरा मिळत नाही.

एप्रिलमध्ये पाच प्राध्यापकांची कमिटी बसली. एकाच माणसावरून सिद्धान्त कसा काढलात, असं विचारून यतीनला उभा चिरायचा, हे दोघांनी आधीच जाहीर केलं होतं. त्याच आठवड्यात श्री. गॅव्हिगन योगायोगाने डेट्रॉइटला आले होते. त्यांच्या मतदारसंघातल्या एका आजीबाईंची बहीण तिथे वारली होती. (बहीण मतदार नव्हती. आजीबाई आहेत.) यतीनने बोलावल्यावर ते आनंदाने आले.

काळा कोट घालून ते वीस मिनिटं आधीच दारात उभे राहिले आणि त्यांनी प्रत्येक प्राध्यापकाचा हात दोन्ही हातांत धरला. संख्याशास्त्राच्या सरांची आई जानेवारीत गेली, हे ऑफिसातल्या क्लार्कखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. श्री. गॅव्हिगन आधी त्या क्लार्कलाच भेटले होते. त्यांनी आईचं नाव घेऊन चौकशी केली, तसे सरांचे डोळे भरून आले. कमिटीतल्या एका बाईंच्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दलही त्यांनी तितकंच हळहळून विचारलं.

अकरा मिनिटांत यतीन डॉक्टर झाला. प्रश्न एकही आला नाही. प्रबंधाचं एकशे चाळिसावं पान बांधताना उलटं लागलंय, ते आजतागायत कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

"यार, झालं!" बाहेर येऊन त्याने मला मिठी मारली. मग पायरीवर बसून म्हणाला, "पण वाचला नाही रे कोणी."

"सिद्ध तर झाला," मी म्हणालो. मग आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.

शिकल्यासवरल्या पाच माणसांनी असं वागावं, याचं तुम्हालाही हसू आलं असेल. येऊ द्या. हसून झालं की एवढंच आठवून पाहा: गेल्या वेळी ज्यांना मत दिलंत, त्यांनी सभागृहात कोणता प्रश्न मांडला? सुचत नाही? हरकत नाही. तुमच्या आजोबांच्या दहाव्याला ते घाटावर अनवाणी उभे होते, शेवटपर्यंत, हे तुम्ही मला आत्ता पुन्हा एकदा सांगणारच होतात.