मीठ आणि मीठा

आमचे बाबूकाका जेवायला बसले की पानात आधी वायर घालतात. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी आणि एक बारका लाल दिवा. वायरी आमटीत बुडवायच्या. दिवा झगझगीत लागला की काका खूश. "करंट पास! मीठ बरोबर."

काका केमिस्ट्रीचे रिटायर्ड मास्तर. काचीगुड्यात त्यांची आमची भिंत एक, त्यामुळे मला शिकवणी फुकट. एकदा मी म्हणालो, मीठ पाण्यात वितळलं.

"वितळतं ते मेण! मीठ सुटं होतं. सोडियम प्लस, क्लोराइड मायनस, दोघं पाण्यात मोकळे हिंडतात, म्हणून करंट जातो. साखर नुसती विरघळते. तिच्यात प्लस नाही, मायनस नाही. तुझ्यासारखी. गोड, पण उजेड शून्य!"

माझी बायको यावर अजून हसते.

यंदा त्यांच्या सतीशचं लग्न झालं. सून लक्ष्मी, तेलुगू. काकांचा हट्ट एकच, घरात मराठीच बोलायचं. पोरगी बिचारी अंदाजाने मान डोलवायची. तिच्या पहिल्या स्वयंपाकाला मीही पानावर होतो. मी कुणाच्याही पानावर असतो.

"लक्ष्मी, कढीत दोन चमचे मीठ घाल," काकांनी आत हाक दिली.

कढी आली. मी वाटी संपवली. म्हटलं, गुजराती पद्धत असेल. काकांनी वायरी बुडवल्या. दिवा नुसता मिणमिणला, ताकाच्या आंबटपणापुरता.

"मीठ कुठंय?"

"डाली ना, मामय्या! दो चमचे शक्कर. आपइच बोले, मीठा!"

सतीश फिस्सकन हसला. लक्ष्मीचे डोळे भरले. "मेरे से नहीं होता ये घर," म्हणत ती आत निघून गेली.

काकांनी वायरी पुसून बाजूला ठेवल्या आणि ती गोड कढी भातावर ओतून शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. "तुझं दुकान आबिड्सला, तुला तेलुगू येतं. शिकव."

"उप्पु म्हणजे मीठ."

"ते विचारलं मी सतीशला. 'अजून थोडं वाढ' कसं म्हणतात?"

"इंका कोंचम."

ते पुटपुटत गेले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काकू गेल्यापासून काकांनी पानावर दुसऱ्यांदा काही मागितलेलं मी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, वर्गात घाबरत हजेरी देणाऱ्या पोरासारखा, "इंका कोंचम, अम्मा."

मग लक्ष्मी म्हणाली, जपून, एकेक अक्षर लावत, "वाढते, मामय्या."