साहेबांचं भाकीत

खासदारसाहेबांनी दाढीला साबण फासला होता, तेवढ्यात बायको पेपर घेऊन न्हाणीघराच्या दारात आली.

"अहो, माझा फोटो आलाय."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

साहेबांनी साबणाच्या हातानेच पेपर ओढला. घरोघरी पाण्याचे मीटर सक्तीचे करणारा कायदा नुकताच मंजूर झाला होता. मीटर बनवणाऱ्या कंपनीचा भाव एका दिवसात दुप्पट झाला होता. आणि त्याच कंपनीचे ढीगभर शेअर सौभाग्यवतींनी आधीच घेऊन ठेवले होते. त्यात साहेब पाणी समितीवर! आता लोक काय म्हणणार, ते पेपरने मोठ्या अक्षरांत म्हणून टाकलंच होतं.

वेळ तरी काय साधली होती! मागच्या बाकावर बसून बसून साहेबांच्या कोटाची पाठ झिजली होती. आता कुठे मंत्रिमंडळ वाढणार होतं आणि पक्षाचे सर्वेसर्वा तात्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "बघू" म्हणाले होते.

"अगं, निदान मला विचारायचंस तरी!"

"विचारलं की. जेवताना. तुम्ही म्हणालात, हा कायदा सात जन्मांत मंजूर होत नाही, ती कंपनी भीक मागणार, लिहून ठेव."

"मग?"

"मग घेतले."

साहेबांना काही कळेना.

"आता चिडू नका हं. तुम्ही ज्या कंपनीला नावं ठेवता, ती मी घेते. जिची तारीफ करता, ती विकते. लग्न झाल्यापासून कधी खोट आली नाही. पोरीचं कॉलेज, हे घर, तुमची मागची निवडणूक... कशातून झालं वाटलं तुम्हाला?"

"माझ्या पगारातून!"

"अगंबाई," म्हणत बायकोने मायेने त्यांच्या कानावरचा साबण पुसला.

बिचाऱ्याची इकडे आड, तिकडे विहीर झाली. गप्प बसावं तर लबाड ठरणार, खरं सांगावं तर ढ. शेवटी बायकोच म्हणाली, "मंत्री व्हायचंय ना? मग पक्ष चौकशी करेल तेव्हा मी बोलते. तुम्ही नेहमीसारखे बसा."

चौकशीला स्वतः तात्या आणि पक्षातले दोन बुजुर्ग बसले होते. बाईंनी काही लपवलं नाही. साहेबांनी कुठली कंपनी डोक्यावर घेतली आणि ती कशी आपटली, कुठलीला शिव्या घातल्या आणि ती कशी फळली, सगळं तारीखवार सांगितलं. साहेब छताचा पंखा बघत होते. कान लालबुंद.

एक बुजुर्ग खाकरले. "वहिनी, साहेब सध्या कुणावर खार खाऊन आहेत? चौकशीसाठीच विचारतोय हं."

"सिमेंटवर."

दोघांचेही हात एकदम मोबाइलकडे गेले. तात्यांनी डोळे वटारले, तसे ते परत टेबलावर आले.

"निकाल सोपा आहे," तात्या म्हणाले. "माहितीचा गैरवापर करायला आधी माहिती असावी लागते. साहेब निर्दोष!"

आणि बाहेर पडताना साहेबांना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "अर्थखातं तुम्हालाच देतो. बाकी ज्याला द्यावं त्याचे कुठे ना कुठे शेअर. तुमच्यावर आता कुणाचा बाप संशय घेणार नाही. उद्या जाहीर करू. तोवर तोंडाला कुलूप."

साहेब घरी आले ते तरंगतच. दार लावायचाही धीर निघाला नाही.

"अगं, अर्थमंत्री! आता बघच बाजार कसा वर नेतो. आभाळाला टेकवतो, लिहून ठेव!"

बायकोचे डोळे भरून आले. अगदी खरेखुरे. या दिवसासाठी तिने काय कमी खस्ता खाल्ल्या होत्या? तिने डोळे टिपले, आतल्या खोलीत गेली आणि दलालाला फोन लावला.

"सगळे विका. हो, एकूण एक. कारण विचारू नका."

साहेब धावत आत आले. "अगं, ही मात्र खरीच आतली बातमी! आता मी खरोखर अडकेन! ठेव तो फोन!"

बायकोने फोन ठेवला. चेहरा उतरला होता.

"ठेवला. तसाही उपयोग नव्हता. बाजार केव्हाच कोसळलाय."

"असा कसा कोसळेल? ही गोष्ट फक्त मला आणि तात्यांना ठाऊक!"

"तेच म्हणतोय दलाल. तात्यांनी चौकशीहून जाता जाता गाडीतूनच सगळे विकले."