मयत भेगेचा अर्ज

भास्करराव महाजन कोणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीची विचारपूस करतात, मग माणसांची. खिशातून लहानशी हातोडी काढावयाची, भिंतीवर टकटक करावयाची आणि कान लावून ऐकावयाचे. एका लग्नाच्या बोलणीत त्यांनी वरपित्यास सर्वांसमक्ष सांगितले, "पोरगा चांगला आहे हो, पण तुमचं प्लॅस्टर पोकळ आहे."

सदर गृहस्थ निवृत्त उपयंत्री, म्हणजे सरकारी बांधकामाचे कनिष्ठ अभियंता, आहेत. मी पालिका कचेरीबाहेर अर्ज लिहितो; आमच्याकडे कचेरीचे कामकाज हिंदीत चालते. सातवीनंतर शाळा सुटली, परंतु माझ्या मजकुरास कोणी नावे ठेवलेली नाहीत. एकदाच ठेवली, ती भास्कररावांच्या एका शब्दापायी.

लोधीपुऱ्यात माझ्या घरासमोर प्रमिलाताई या निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. पावसाळा सरला आणि त्यांच्या भिंतीवर छतापासून खिडकीपर्यंत भेग दिसू लागली. पाठोपाठ दारावर पालिकेची नोटीस आली : भवन जर्जर आहे, रिकामे करा, पाडण्यात येईल. ताई ती घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, या वयात मी कुठं जाऊ?"

मी अर्ज करून मुदत मिळवली व भास्कररावांना बोलावले. त्यांनी तासभर भिंत ठोकली. मग भेगेवर काचेची आडवी पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने पक्की केली आणि शेजारी तारीख लिहिली.

"काच तडकली तर भेग जिती. नाही तडकली तर मेलेली. मेलेली भेग कोणाला खात नाही, ताई. भरून टाकता येते."

त्यानंतर दर सोमवारी ते काच पाहावयास येत. पाहण्यास एक मिनिट लागे, चहास एक तास. मुदत संपत आली तरी काच शाबूत होती. मी अर्ज लिहिला. वारसांच्या प्रकरणांवर बसलेला माझा हात, लेखणी आपोआप वळली : "उक्त दरार की मृत्यु हो चुकी है."

कचेरीतल्या बाबूने वाचले. "किसकी मौत हुई? मृत्यु प्रमाणपत्र लगाओ!"

सारी खोली हसली. भास्करराव तेवढे हसले नाहीत. नोटीस काढणाऱ्या साहेबांच्या टेबलावर हातोडी ठेवून म्हणाले, "प्रमाणपत्र भिंत पर चिपका है, साहब. चलिए, मैयत देख लीजिए."

साहेब खरोखर आले. काच पाहिली, स्वतः भिंत ठोकली. दुरुस्तीच्या अटीवर नोटीस मागे घेतली. ताईंनी गल्लीभर मावा जिलेबी वाटली, बाबूलाही पाठवली.

पुढे छताचे पाणी बंद झाले, भेग भरली गेली. भास्कररावांनी काच अलगद सोडवली आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"चला, आता सोमवारी यायचं काम नाही," ते म्हणाले.

त्यांचे घर मी पाहिले आहे. मुलगा बंगळुरास. भिंती नव्या, एकही भेग नाही, आणि ठोकल्यावर बोलतात त्या फक्त भिंतीच.

"भास्करराव," मी म्हणालो, "माझ्याही भिंतीला भेग पडली आहे."

ती भेग नव्हती; रंगाचा पोपडा होता. त्यांनी एकदाच टकटक केले, कान लावला आणि माझ्याकडे पाहिले. त्यांचा कान चुकत नाही.

"जिती वाटते," ते सावकाश म्हणाले. "नजर ठेवावी लागीन."

आणि तीच काच चिकटवून त्यांनी शेजारी नवी तारीख लिहिली.